पान घरात आलं, फळ नाही आलं : अंगणातली टेंभुर्णी

(या भागाचं लिखित रूप. बोलण्यातली भाषा तशीच ठेवली आहे, फक्त अडखळणं आणि मधले चहाचे घोट काढून टाकलेत.)

आज गप्पा एका झाडाच्या. मी काही शेतीतज्ज्ञ नाही. बीटेक केलंय, पुण्यात सॉफ्टवेअरमध्ये नोकरी करते आणि गाव माझं संगमनेर. म्हणजे जुनं नगर, आताचं अहिल्यानगर जिल्हा. त्यामुळे आज जे सांगणार आहे त्यात चुकाही माझ्याच आहेत, आणि त्या मी आधी सांगणार आहे, म्हणजे तुमचा वेळ वाचेल.

सुरुवात दिवाळीच्या सुट्टीपासून करते. २०२० साल. पुण्याहून निघताना एका दुकानात केशरी रंगाची, टोमॅटोसारखी दिसणारी, स्टिकर लावलेली फळं दिसली. पर्सिमॉन. काहीतरी वेगळं म्हणून चार घेतली. घरी आल्यावर पिशवी आजीसमोर ठेवली. तिनं एक फळ हातात घेतलं, उलटं केलं, देठाजवळची ती चार पाकळ्यांची वाळकी टोपी असते ना, तिच्यावरून अंगठा फिरवला आणि म्हणाली, "अगं, हे तर टेंभरू हाये! एवढं मोठं कुणी केलं?"

मी हसले. म्हटलं, आजी, हे जपानचं फळ आहे. ती म्हणाली, "असंल जपानचं. टोपी टेंभराची हाये."

रात्री मोबाईलवर शोधलं, तर आजी बरोबर निघाली. जपानचं काकी, अमेरिकेतलं रानटी पर्सिमॉन आणि आपली टेंभुर्णी, तिन्ही एकाच घराण्यातली. डायोस्पायरॉस हे त्या कुळाचं आडनाव म्हणा. आपल्या टेंभुर्णीचं शास्त्रीय नाव डायोस्पायरॉस मेलॅनोझायलॉन. मेलॅनोझायलॉन म्हणजे काळं लाकूड, कारण जुन्या झाडाचा गाभा काळा असतो. अबनूस म्हणतात तो याच गोतावळ्यातला. आणि हिंदीत या झाडाला म्हणतात तेंदू.

तेंदू म्हटल्यावर संगमनेरच्या माणसाला लगेच कळतं. तेंदूपत्ता. बिडीचं पान.

इथे मला थांबावं लागलं, कारण माझी आजी चाळीस वर्षं बिड्या वळत होती. संगमनेर, शेजारचं सिन्नर, तिकडे नगर शहर, या पट्ट्यात घराघरांत बायकांनी बिड्या वळल्या आणि त्यावर संसार चालवले. मी लहानपणी पाहिलंय. कारखान्यातून पान आणि तंबाखू मोजून आणायची. पान ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवायचं. पत्र्याचा फर्मा पानावर ठेवून कातरीनं कापायचं. मांडीवर सूप, सुपात कापलेली पानं आणि तंबाखू. चिमूट भरायची, वळायची, तोंड दुमडायचं, दोऱ्यानं बांधायचं. दिवसाला हजार. संध्याकाळी कारखान्यात मोजून द्यायच्या, त्यात काही 'छाट' म्हणून बाजूला टाकल्या जायच्या आणि त्यांचे पैसे मिळायचे नाहीत. पान खराब आलं तर कमी पडलेलं पान आपल्या पैशानं आणायचं. बिडी कामगारांसाठी १९६६ चा कायदा होता, पण आजीला त्या कायद्यापेक्षा मुकादमाचा चेहरा जास्त पाठ होता. वर तंबाखूच्या धुळीचा खोकला. तो अजून आहे.

मी विचारलं, "आजी, तू एवढी वर्षं पान हाताळलंस, मग फळ कुठे खाल्लंस?" ती म्हणाली, लग्नाआधी. तिचं माहेर अकोले तालुक्यात, राजूरच्या पलीकडे डोंगरात. उन्हाळ्यात करवंदं, जांभळं आणि टेंभरं. ढोरं चारायला गेलं की ओटी भरून टेंभरं आणायची. लग्न होऊन संगमनेरला आली आणि त्याच झाडाचं पान गठ्ठ्यानं घरात यायला लागलं. विदर्भातून, मध्य प्रदेशातून पान यायचं. फळ मात्र एकदाही आलं नाही. "पान येतं तिथं फळ कसं येईल?" असं ती अगदी सहज म्हणाली.

तेव्हा मला वाटलं, ही नुसतीच बोलायची पद्धत. नंतर कळलं की यात शंभर टक्के शास्त्र आहे.

बिडीला पान कसं लागतं? कोवळं, मोठं, मऊ. जुन्या उंच झाडाचं पान तसं नसतं. म्हणून फेब्रुवारी-मार्चमध्ये टेंभुर्णीची झुडपं छाटतात, म्हणजे नवीन फूट येते, आणि एप्रिल-मेमध्ये पान तोडतात. नवीन फूट यावी म्हणून काही ठिकाणी जंगलात आगही लावली जाते. आता तुम्हीच सांगा, जे झाड दरवर्षी छाटलं जातं, ते झुडूपच राहणार. फुलावर, फळावर येणार कधी? आपण हे झाड पानासाठी वापरलं आणि तसं वापरता वापरता त्याचं फळ विसरून गेलो.

हे मी पुस्तकी बोलत नाहीये. चंद्रपूर जिल्ह्यात पाचगाव नावाचं गाव आहे. २०१२ मध्ये त्यांना सामूहिक वनहक्क मिळाले. जंगल ग्रामसभेच्या हातात आलं. तेंदूपत्त्यातून रोख पैसा मिळतो, हे त्यांना माहीत होतं. तरी त्यांनी ठरवलं की पान तोडायचं नाही. झाडं छाटावी लागतात, आगी लागतात आणि शेवटी त्या पानाची बिडीच होते. बांबूतून उत्पन्न मिळवू, टेंभरं खाऊ, विकू. पर्यावरणशास्त्रज्ञ माधव गाडगीळ यांनी या गावाबद्दल आवर्जून लिहिलंय. म्हणजे माझ्या आजीचं वाक्य एका अख्ख्या गावानं ठराव करून अमलात आणलं!

एक गोष्ट मात्र स्पष्ट बोलते. गडचिरोली, गोंदिया, चंद्रपूरकडे उन्हाळ्यातले ते दोन-तीन आठवडे पानाचे पैसे म्हणजे कितीतरी घरांचा वर्षाचा आधार असतो. त्यांना 'पान तोडू नका' असं पुण्यात एसीत बसून सांगणारी मी कोण? मी माझ्या अंगणाबद्दल बोलतेय. माझ्या अंगणात मला पान नको, फळ हवं आहे. आणि हे ठरवलं की बाकी सगळं त्यावरून ठरत जातं.

तर आता प्रत्यक्ष लागवड. माझ्या चुकांपासून.

मे २०२१. लॉकडाऊनमुळे मी घरूनच काम करत होते. आजीच्या भाच्यानं माहेरच्या डोंगरातून पिशवीभर टेंभरं आणली. लिंबाएवढी, पिवळी, वर ती टोपी. आजीनं एक फोडलं, गर चोखला आणि कितीतरी वेळ काही बोललीच नाही. मग मला म्हणाली, "खा. पण पिवळं बघून खा." मी शहाणी, थोडं हिरवट असलेलं उचललं. मंडळी, तोंडाचं काय झालं सांगू! जीभ टाळूला चिकटली, पाणी प्यायलं तरी तोंड कोरडंच.

हे का होतं? कच्च्या फळात टॅनिन विरघळलेल्या रूपात असतं. ते लाळेतल्या प्रथिनांना चिकटतं, म्हणून तोंड आवळल्यासारखं होतं. फळ पूर्ण पिकलं की तेच टॅनिन न विरघळणाऱ्या रूपात जातं, जिभेला लागत नाही आणि मागे राहतो तो गोडवा. जपानच्या काकीच्या तुरट जातींचंही अगदी असंच. म्हणून नियम एकच : टेंभरू मऊ आणि पूर्ण पिवळं झाल्याशिवाय खायचं नाही. पाडाला आलेली असतील तर केळ्यासोबत डब्यात ठेवून बघा, केळ्यातून निघणारा वायू फळं पिकवायला मदत करतो. चव कशी? चिकूच्या जवळची, जरा चिकट, गर कमी, बिया जास्त. दुकानातल्या काकीशी तुलना करू नका. काकीवर माणसानं शेकडो वर्षं निवड करून मेहनत घेतलीय. टेंभुर्णीवर आपण मेहनत घेतली ती फक्त पानासाठी.

त्या पिशवीतल्या बिया मी धुऊन घेतल्या आणि नर्सरीतल्या छोट्या काळ्या पिशव्यांमध्ये लावल्या. बारा. रोज पाणी. पंधरा दिवस झाले, काही नाही. महिना झाला, काही नाही. मी म्हटलं, मेलं प्रकरण. दीड महिन्यानं एकेक कोंब दिसायला लागला. नऊ रोपं आली. मी खूश. पुढच्या पावसाळ्याची वाट कोण बघतो, म्हणून पाऊस संपता संपता प्रवरेकडच्या काळ्या जमिनीत लावली आणि वर ठिबक जोडलं. उन्हाळ्यापर्यंत नऊच्या नऊ गेली.

उपटून बघितलं तेव्हा कारण समजलं. रोप वर चार बोटांचं आणि खाली सोटमूळ पिशवीच्या तळाला जाऊन गोल गोल गुंडाळलेलं. काहींचं लावतानाच तुटलं होतं. ज्यांचं राहिलं होतं ते चिखलात कुजलं. टेंभुर्णी ही कोरड्या, मुरमाड डोंगराची पोरगी. ती पहिली काही वर्षं वर दिसण्यासाठी वाढतच नाही. सगळा जीव मुळात. आधी खाली पाणी शोधते, मग वर बघते. आणि मी तिला काळ्या मातीत रोज पाणी पाजत होते.

दुसऱ्या वर्षी, म्हणजे २०२२ ला, पद्धत बदलली. नीट ऐका, लिहून घ्यायचं असेल तर हा भाग लिहून घ्या.

एक. बी ताजं हवं. मे-जूनमध्ये पिकलेल्या फळातलं बी काढा, गर पूर्ण धुवा, सावलीत सुकवा, एक-दोन दिवस पाण्यात भिजवा आणि त्याच पावसाळ्यात लावा. डब्यात ठेवून पुढच्या वर्षी बघू, असं नको.

दोन. शक्यतो थेट जागेवरच बी लावा. घराच्या मागे मुरमाड उतार होता, जिथे बाबा म्हणायचे इथे काही येणार नाही, तीच जागा निवडली. पूर्ण ऊन, पाणी न साचणारी. सात ठिकाणी माती फक्त भुसभुशीत केली, प्रत्येकी दोन बिया, बोटाच्या दोन पेरांएवढ्या खोल. पिशवीतच करायचं असेल तर हातभर लांबीची पिशवी किंवा जुन्या पाइपचा तुकडा वापरा आणि लवकर लावून टाका, मूळ तळाला पोहोचायच्या आत.

तीन. बी लावलं तिथे काठी रोवा. दीड-दोन महिने काही दिसत नाही आणि तोपर्यंत घरातलं कुणीतरी तण म्हणून ते साफ करून टाकतं. आमच्याकडे एक असंच गेलं. नाव घेत नाही, तो माणूस हा पॉडकास्ट ऐकतो.

चार. पाणी. पहिले दोन उन्हाळे आठ-दहा दिवसांतून एकदा, भरपूर. रोज थोडं थोडं देऊ नका, नाहीतर मूळ वरच रेंगाळतं. बुंध्याभोवती पालापाचोळ्याचं आच्छादन. आमचं संगमनेर पर्जन्यछायेतलं. पलीकडे अकोल्याच्या घाटमाथ्यावर धो धो कोसळतो आणि इथे येईपर्यंत ढग रिकामे. पण टेंभुर्णीला हे चालतं. तिसऱ्या वर्षी मी पाणी जवळजवळ बंदच केलं.

पाच. पान गळलं, फांदी वाळली तर उपटू नका. उन्हाळ्यात रोप मेल्यासारखं दिसतं. कधी वरचा शेंडा खरंच वाळतो आणि मुळापासून नवीन फूट येते. वाट बघा.

सहा, आणि हे सगळ्यात महत्त्वाचं. टेंभुर्णीत नर झाड वेगळं आणि मादी झाड वेगळं असतं. नर फुलं गुच्छात येतात, मादी फूल एकेकटं. फळ फक्त मादीला, आणि तेही जवळपास नर असेल तर. रोप लहान असताना बघून काही कळत नाही. मग काय करायचं? इथे माझं बीटेक कामाला आलं. नर-मादीची शक्यता अर्धी अर्धी धरू. दोन झाडं लावली तर एक नर एक मादी असण्याची शक्यता ५० टक्के. तीन लावली तर ७५. चार लावली तर साडेसत्याऐंशी. पाच लावली तर जवळजवळ ९४ टक्के. म्हणून एक झाड लावून फोटो टाकू नका, पाच लावा. जागा नसेल तर शेजाऱ्याला पटवा. दोन तुमच्याकडे, तीन त्याच्याकडे. मधमाशीला कंपाउंड दिसत नाही.

दुसरा मार्गही आहे. टेंभुर्णीच्या मुळांतून फुटवे येतात. चांगली फळं देणाऱ्या झाडाच्या मुळाचा फुटवा म्हणजे तेच झाड, मादीच. पावसाळ्यात मुळाच्या तुकड्यासकट काढून लावता येतो. पण सांगते, मी तीन आणले, एकही जगला नाही. तुमच्या हाताला यश असेल तर नक्की कळवा.

सात. छाटायचं नाही! छाटलं की पुन्हा झुडूप आणि पुन्हा पान. खालची एखादी वाळकी फांदी काढली तर ठीक.

आणि फळ कधी? दहा वर्षं धरून चाला. हो, दहा. मलाही हे ऐकून कसंतरीच झालं होतं. आमच्या क्षेत्रात दोन आठवड्यांचा स्प्रिंट असतो, तिसऱ्या महिन्यात काही दिसलं नाही तर प्रोजेक्ट बंद. इथे तिसऱ्या वर्षी माझी टेंभुर्णी गुडघ्याच्या थोडी वर आहे. चौदा बियांतून आठ उगवल्या, आता पाच उभ्या आहेत. पाच म्हणजे ९४ टक्के.

बरेच जण विचारतात, मग काकीचं कलमच का नाही लावायचं? ऑनलाइन मिळतं, फोटो मस्त असतो. काकीला थंडी लागते. आपल्याकडे ते हिमाचल, काश्मीर, कुमाऊँकडे होतं. संगमनेरच्या मे महिन्यात त्याचं काय होईल, तुम्हीच विचार करा. आणि जे झाड इथल्या डोंगरात कुणी न लावता उभं आहे, त्याला आपण अंगणात जागा देत नाही, हे मला जरा लागतं. पुणे-सोलापूर रस्त्यावर टेंभुर्णी गाव येतं. कितीदा तिथे चहा प्यायलोय आपण! गावाच्या नावात झाड आहे, पण आपल्यातल्या किती जणांनी टेंभरू खाल्लंय?

बियाणं घरात राखणं आमच्या भागाला नवीन नाही. आमच्या शेजारच्या अकोले तालुक्यातल्या कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे यांनी गावठी बियाणं जपलं, २०२० मध्ये त्यांना पद्मश्री जाहीर झाली. त्यांनी भाज्या, धान्यं, कडधान्यं जपली. रानफळाच्या पाच बिया जपणं तर आपल्याला जमेलच ना?

शेवटचं सांगते. गेल्या महिन्यात घरी गेले होते. पाऊस सुरू झालेला, रोपांना नवीन पान आलेलं. आजी आता ऐंशीच्या पुढे आहे, काठी घेऊन हळूहळू मागे येते. एका रोपाजवळ बसली. पान हातात धरलं, तोडलं नाही, नुसतं धरलं. अंगठा पानाच्या शिरेवरून फिरवला, कडेनं बोट नेलं, जसा फर्मा ठेवतात तसं. आणि म्हणाली, "दोन बिड्या निघतील यातून."

मी काहीच बोलले नाही. तिनंच पान सोडून दिलं. म्हणाली, "राहू दे. याला मोठं होऊ दे." मग विचारलं, "कधी येतील टेंभरं?" मी खरं सांगितलं, अजून सात-आठ वर्षं. तिनं बोटांवर काहीतरी मोजलं, हसली आणि म्हणाली, "मग बिया तू जपून ठेव. टाकू नको."

या मे महिन्यात भाच्याला पुन्हा पिशवी आणायला सांगितलीय, कारण आजीला टेंभरं आत्ता हवीत. झाडाची दहा वर्षं वेगळी आणि आजीची वेगळी, हे मला उशिरा कळलं. तुमच्या घरी कुणी म्हातारं माणूस असेल तर आज रात्री एवढंच विचारा : लहानपणी रानात काय खायचीस? काय खायचात? नाव लिहून घ्या. रेकॉर्ड केलंत तर फारच उत्तम. आणि त्या फळाचं तुमच्या भागातलं नाव कमेंटमध्ये नक्की टाका. टेंभरू, टेमरू, तेंदू, जे असेल ते. मी सगळी वाचते.

पुढच्या भागात भेटू. तोपर्यंत काळजी घ्या, आणि हिरवं टेंभरू खाऊ नका!